आवाज बंद करून बघितलेली हॉकी

बाबा, हॉकीची कॉमेंटरी अजूनही वाईटच आहे. खेळ बदलला, पस्तीस मिनिटांच्या दोन हाफऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे चार तुकडे झाले, कॅमेरे दुप्पट झाले, पंच रिप्ले बघून निर्णय देतात, आणि बोलणारे मात्र होते तसेच. नावं वाचतात आणि ओरडतात. चेंडू गोलपुढच्या डीमध्ये शिरला की आवाज चढवतात, म्हणजे जे आपल्याला ढळढळीत दिसतंय तेच मोठ्याने सांगतात. मी हे चिडून लिहिते आहे, कारण आता तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. दुबईतल्या एका स्टुडिओत मी स्पोर्ट्सचा साउंड एडिट करते. कॉमेंटेटरचे ट्रॅक माझ्याकडे येतात आणि हायलाइट्समध्ये जाण्याआधी मी ते साफ करते. खोकला काढायचा, कागदाची खसखस काढायची, दोन वाक्यांमधला श्वास काढायचा. हो, श्वाससुद्धा. तुम्हाला हे अजिबात पटलं नसतं. "मग बोलणारा माणूस आहे की मशीन, हे कळणार कसं?" असं म्हणाला असतात, आणि त्यावर अर्धा तास आमची सुटका नव्हती.

इथल्याच अल कुसैसच्या त्या टू बीएचकेत दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चार वाजता तुम्ही टीव्हीचा आवाज बंद करायचात. दोन हजार आठ साल, मी दहावीत. त्या वर्षी आपला संघ ऑलिम्पिकला गेलाच नव्हता आणि तुम्ही ते सुतक धरल्यासारखं पाळत होतात. नवीन मॅच नसली की जुन्या मॅचच्या सीडी लावायच्या. कोण जिंकणार ते सगळ्यांना पाठ, तरी दारात चपलांचा ढीग. समोरच्या फ्लॅटमधले रत्नागिरीचे काका, देऱ्याच्या बाजारात स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणारे, सगळ्यात आधी येऊन सोफ्याची कडेची जागा धरायचे. आई कांदेपोहे करायची आणि म्हणायची, "बारा माणसं आहेत, जरा हळू बोला, खालचे कम्प्लेंट करतील." तुम्ही उभे टीव्हीच्या शेजारी, हातात रिमोट उलटा धरलेला. आणि मग सुरू. डावीकडून निघाला, एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या काठीखालून काढला, मागे कोणी नाही, उजवा मात्र मोकळा उभा आहे, बघा त्याच्याकडे, कोणी बघतच नाहीये त्याच्याकडे, दिला, आत, गोल. हे सगळं एका श्वासात. कॉलेजात सेंटर हाफ खेळलेला माणूस, मैदान डोक्यात होतं तुमच्या. काका म्हणायचे, "वल्लाह भाऊ, तुमच्यापुढे हे चॅनलवाले म्हणजे भाजीवाले."

हॉकीवर थांबला असतात तर गोष्ट वेगळी. तुमचं मत सगळ्यावर होतं. टीव्हीवरच्या मालिकेत सासूचा चेहरा तीनदा जवळून दाखवला की तुम्ही म्हणणार, लेखकाला पुढचं वाक्य सुचलेलं नाही. सिनेमा इथे गुरुवारी लागायचा, मुंबईच्या एक दिवस आधी, आणि तुम्ही तो बघून पुण्याला आत्याला फोन करून शेवट सांगून टाकायचात, निव्वळ छळ म्हणून. पडद्यावर कोणी गोळी लागून मरताना भाषण ठोकायला लागला की तुम्ही अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणायचात, "अरे, बोलायला श्वास लागतो बाबा." आई कपाळाला हात लावायची. आणि गाणं. गाणं अर्धवट सोडायचं नाही, हा तर घरचा कायदाच. तुम्ही हमरियाहून, पाइपच्या कंपनीतून परत आलात की गाडी खाली पार्किंगमध्ये दिसायची आणि तुम्ही वर यायला पाच-सात मिनिटं लागायची. रेडिओवरचं गाणं संपल्याशिवाय तुम्ही गाडी बंद करत नव्हतात. आई चहाचं आधण त्या हिशेबाने ठेवायची.

मग ती मंदी सुरू झाली. आधी तिसऱ्या मजल्यावरचं नाशिकचं कुटुंब गेलं. साइट बंद पडली, नोकरी खलास. जाताना त्यांनी त्यांचा टीव्ही आपल्याकडे आणून ठेवला. "तुम्हाला आवड आहे, तुम्हीच वापरा." महिन्याभरात दुसरा आला, एका बॅचलर मुलांच्या फ्लॅटमधून, त्याबरोबर म्युझिक सिस्टीम. डिसेंबरात तिसरा. आपल्या हॉलमध्ये भिंतीला टेकून तीन टीव्ही उभे, आपला धरून चार, आणि आई त्यांच्यावर चादर टाकायची. पार्किंगमध्ये धूळ साचलेल्या गाड्या होत्या, त्यांचे मालक कुठे गेले ते कोणी विचारत नव्हतं. शुक्रवारच्या चपला बाराच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. मला त्या बंद टीव्हींची भीती वाटायची. बेल वाजली आणि दारात माणूस टीव्ही घेऊन उभा दिसला की आता आपलीही पाळी येणार, आपण आपला टीव्ही कोणाकडे नेऊन ठेवणार, हे मनात यायचंच. आणि तुम्ही पहिल्या टीव्हीला रंग भडक, दुसऱ्याला आवाज डब्यातला, अशी नावं ठेवलीत. तिसऱ्याला फक्त म्हणालात, "बरा आहे."

तेव्हाच केव्हातरी कॉमेंटरी बदलली. डावीकडून निघाला, म्हणालात, आणि थांबलात. पडद्यावर माणूस पळतोय आणि तुम्ही गप्प. मग, एकाला चुकवलं. परत गप्प. सगळे पुढे सरकून बसले. तुम्ही थांबलात म्हणजे काहीतरी घडणार असं आम्हाला वाटायचं, आणि गोल झाला की काका उठून टाळ्या वाजवायचे. "पॉज बघा भाऊंचा, काय पॉज घेतात." तुम्हीच तर शिकवलं होतंत की चांगल्या कॉमेंटेटरला गप्प बसता आलं पाहिजे. आम्ही तुमचे पक्के शिष्य. मीसुद्धा एकदा म्हणाले, "Baba, that was so cool." तुम्ही हसलात आणि खुर्ची मागवलीत. त्यानंतर तुम्ही बसूनच बोलायचात आणि आम्हाला त्यातही काहीतरी स्टाइल दिसली. पाच शहाणी माणसं बसली होती त्या खोलीत आणि एकालाही कळलं नाही की या माणसाला दम लागतोय. असली रसिकता काय कामाची, सांगा.

जानेवारीतली ती संध्याकाळ. मगरिबची अजान होऊन गेलेली, आई म्हणते, "खाली बघून ये गं, आज किती लांब गाणं लागलंय, चहा निवला." मी स्वेटर घालून खाली जाते. गाडीचं इंजिन चालू आहे, एसी चालू आहे, आणि रेडिओ बंद आहे. तुम्ही स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला आहात. मी काच वाजवते. तुम्ही वर बघता, आणि शर्ट पाठीपर्यंत भिजलेला आहे. मी दार उघडून बाजूला बसते. तुम्ही एसीची झडप स्वतःकडे वळवता आणि म्हणता, "होतं असं हल्ली. पाच मिनिटांत जातं."

मी म्हटलं, "Let's go to the clinic. Now."

"विम्याचं कार्ड दाखवलं की क्लेम कंपनीत जातो. तिथे यादी करताहेत, कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं. यादी करणाऱ्याला निमित्तच हवं असतं."

"Then pay cash."

"कन्सल्टेशनचे दीडशे दिऱ्हम, म्हणजे दोन हजार रुपये. ते देईन मी. पण मग तो टेस्ट सांगणार, अ‍ॅडमिट व्हा म्हणणार. तुझी मार्चमध्ये परीक्षा आहे. तेवढी होऊ दे. मग मी स्वतः आईला सांगतो, इन्शाल्ला. तोपर्यंत तिला काही बोलायचं नाही."

"Okay, Baba."

"मराठीत सांग."

"नाही सांगणार," मी म्हटलं. वर गेल्यावर आईने विचारलं, कुठलं गाणं होतं, आणि तुम्ही एक जुनं नाव सांगितलंत, पटकन, विचारसुद्धा न करता. मी तुमच्याकडे बघत राहिले. इतकं सहज खोटं बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

फेब्रुवारीत काकांनी दुकान बंद केलं. त्यांचा शेवटचा शुक्रवार होता, म्हणून त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवून तुमची कॉमेंटरी रेकॉर्ड केली. त्यांचा टीव्हीही आपल्याकडेच आला. त्यानंतरच्या मंगळवारी तुम्ही सकाळी नेहमीसारखे निघालात आणि एमिरेट्स रोडवर, हमरियाच्या वाटेवर, गाडी बाजूला घेतलीत. नीट घेतली होती, पोलीस म्हणाले, चारही इंडिकेटर चालू होते. मी शाळेत होते, गणिताचा तास होता. आईला सगळ्यांनी सांगितलं की अचानक झालं, कोणाला कल्पनाच नव्हती, आणि आई येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत राहिली. मी शेजारी बसून ऐकलं. त्याच आठवड्यात काढलेल्यांची यादी लागली. कंपनीतले एक गृहस्थ भेटायला आले होते, ते म्हणाले, "वहिनी, साहेबांचं नाव नव्हतं यादीत." त्यांना वाटलं हे ऐकून बरं वाटेल.

परीक्षा मी दिली. व्हिसा तुमच्या नावावर होता, त्यामुळे पेपर संपले त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला निघालो. पाचही टीव्ही तिथेच राहिले. पुढे मी याच कामासाठी परत दुबईला आले, आई पुण्यातच राहिली, आणि सगळं खरं म्हणजे ठीक चाललं होतं. गेल्या महिन्यात काकांना रत्नागिरीत जुन्या मोबाइलचं मेमरी कार्ड सापडलं आणि त्यांनी ते रेकॉर्डिंग आईला व्हॉट्सअपवर पाठवलं. अकरा मिनिटं. आई रोज ऐकते. सकाळी पूजेनंतर ऐकते आणि मला फोन करून सांगते, "किती छान थांबतात बघ तुझे बाबा. आता असं कोणी बोलत नाही." मग म्हणाली, त्यात खरखर फार आहे, तू एवढ्या मोठ्या लोकांचे आवाज साफ करतेस, बाबांचा करून दे.

मी ते स्टुडिओत हेडफोन लावून ऐकलं. बाबा, माझे कान सोळा वर्षांच्या मुलीचे राहिलेले नाहीत. प्रत्येक पॉजमध्ये तुमचा श्वास आहे. आधी वर ओढलेला, मग अडकलेला, मग तोंडाने सोडलेला. काका मध्येच म्हणतात, वा भाऊ. आणि सातव्या मिनिटाला, एका लांबलचक पॉजमध्ये, कोणीतरी अगदी हळू विचारतं, "Baba, पाणी हवंय?" तो आवाज माझा आहे. मला हे अजिबात आठवत नव्हतं. त्या खोलीतले सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत आणि एक मुलगी पाणी विचारते आहे, कारण तिला माहीत आहे. मी खरखर काढली. श्वास काढायला हात धजला नाही, ते ठेवले. आणि माझं वाक्य कापलं. दोन सेकंदांचं काम होतं. फाइल आईला पाठवून दिली.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज छान आलाय म्हणाली, आणि मग, "अगं, पण तुझं ते पाणी हवंय कुठे गेलं?" मी म्हटलं, खरखरीबरोबर गेलं असेल, तसं होतं कधी कधी. ती म्हणाली, "जुनं आहे माझ्याकडे, मी पुसलेलं नाही. त्यात ते मला फार आवडायचं." मग तिने विचारलं, साध्या आवाजात, भाजी कुठली केलीस विचारावं तसं, "तू का विचारलं होतंस गं पाणी? तेव्हा तर तू जागची उठायची नाहीस कोणासाठी."

मी म्हटलं, आई, मीटिंग सुरू होतेय, नंतर करते. आणि फोन ठेवून हे लिहायला बसले. लिहिलंय तुम्हाला, पण वाचायला हवं तिने, एवढं मलाही कळतं. तुमच्या मार्चला किती वर्षं होऊन गेली, आणि तुम्ही स्वतः सांगतो म्हणाला होतात. तुमचा मला राग येतो, बाबा, हेही आज पहिल्यांदाच लिहिते आहे. मधल्या वेळात आईचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही मी वाजू दिले. आज रविवार आहे. स्टुडिओ बंद आहे, आणि माझी सुट्टी कधी असते ते आईला पाठ आहे.