मायनं घातलेला धावदोरा

बाबा, आज खामगावहून नवी पँट आणली. झाडं कापायचं मशीन चालवताना घालायची, आतून जाड थर असलेली. तुम्ही गेल्यापासून मी एका जीनवर दुसरी जीन चढवून काम रेटत होतो. पण परवा वरवट बकालला एका शेताच्या धुऱ्यावरची वाळकी बाभूळ कापताना साखळी मांडीजवळून सणकन गेली आणि जीनचे धागे उडाले. चाचांनी हातातला दोर तिथंच टाकला. तुमच्यासोबत झाडाला दोर लावून ओढायचे तेच चाचा, आता म्हातारे झालेत, पण माझ्यासोबतही तेच येतात. म्हणाले, "बेटा, तुह्या बापाले याच हातानं गाडीत टाकलं म्या. तुले नाई टाकत. पँट आण, नाईतं दुसरा दोरवाला पाह्य." चाचा रागावले की ऐकावंच लागतं, तुम्हाला माहीतच आहे.

आपला धंदाच उफराटा. लोकांची शेतं रिकामी होतात वैशाखात, आणि धुऱ्यावरचं झाड डोळ्यात खुपायला लागतं तेही तेव्हाच. इथं आपल्या देऊळघाटला निदान वारा तरी असतो, घाटाखाली उतरलं की श्वाससुद्धा गरम येतो. मशीनचा दांडा उघड्या हातानं धरवत नाही. आणि ही पँट बनवली कोणी, तर थंड मुलखातल्या माणसांनी. तुम्ही तुमची पहिल्यांदा घालून अंगणात आलात तेव्हा मी खो खो हसलो होतो. "बाबा, वाकळ गुंडाळली काय?" तुम्ही म्हणालात, "हास बे, हास. टांग तं वाचन माही." हे वाक्य मला नको तेव्हा ऐकू येतं. मशीन बंद करून पाणी प्यायला बसलो की येतं, जेवताना येतं. तुमच्याच आवाजात येतं.

घामानं ती पँट रोज भिजायची आणि माय ती रोज दगडावर मोगरीनं बडवून धुवायची. मायचं धुणं म्हणजे धुणं, कपड्याचा जीव काढल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. आतला थर सरकत सरकत गुडघ्यात जमला. तुम्ही कुरकुरलात, "मांडीवर काईच नाई अन् गुडघ्यात पोतं भरलं." झालं, माय ओट्यावर बसली. अख्ख्या गावाच्या गोधड्या शिवणारी बाई ती, सरकणारं भरण जागेवर कसं बसवायचं हे तिला कोण शिकवणार? दोन्ही पायांवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत लाल दोऱ्याचे धावदोरे घातले, गोधडीला घालतात तसेच, ओळीनं. तुम्ही पँट चढवली. मी भाकर खात होतो. तुम्ही त्या टाक्यांवरून तळहात फिरवला, आणि तो गुडघ्यापाशी तसाच थांबला. मायनं विचारलं, "काऊन, टोचते काय?"

"नाई वं," तुम्ही म्हणालात. "लई बेस झाली."

त्याच उन्हाळ्यात ते झालं. खाली पडलेल्या निंबाची एक फांदी दबून बसली होती, कापताच ती उसळली आणि मशीन मागं फिरून डाव्या मांडीवर आलं. चाचांनी आपला दुपट्टा आवळून बांधला, गाडीत तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले, पण दवाखाना यायच्या आत तुम्ही गेलात. लोक म्हणाले, मशीनपुढं कापडाचं काय चालतं. मीही तेच म्हणत आलो. माय तर अजून म्हणते. "म्या इतकी मजबूत करून देल्ली होती, तरी फाडली मेलीनं," असं त्या मशीनला शिव्या देत सांगते, येईल त्याला सांगते. ती पँट तिनं धुऊन दाराआडच्या खुंटीला टांगून ठेवली आहे. इतक्या वर्षांत चपटी झाली नाही. गुडघ्यात अजून वाकलेली आहे, आणि दुपारची झळ घरात शिरली की तिचे पाय हलतात. मी त्या खुंटीकडं पाठ करून जेवायला बसतो.

आज दुकानात दोन तऱ्हेच्या पँटी होत्या. एक चहूबाजूंनी जाड, दुसरीला थर फक्त पुढून, मागं साधं जाळीदार कापड. दुकानदार म्हणाला, "आपल्या उन्हात हे पुढून थरवालीच घ्या. ते चहूकडून जाडवाली घालून दुपारी चक्कर येऊन पडसान, अन् मशीन हातात असताना चक्कर आली तं पँट काय करन?" पटलं मला. रंग फिका बघितला, टोपीला तोंडापुढं जाळी घेतली, काच घेतली नाही, घामाची वाफ धरते म्हणून. घासाघीसही केली थोडी. पैसे द्यायच्या वेळी त्यानं फाटक्या थराचा एक तुकडा काढला आणि त्यातला दोरा चिमटीत धरून ओढला. हातभर लांब दोरा सुळकन बाहेर आला. "हेच सारं काम करते. साखळी लागली का हे दोरे भसाभस निघतात, मशीनच्या चाकाले गुंडाळतात, अन् मशीन जागच्या जागी बंद. म्हणून याले सुई लावाची नाई. वरून शिवली का दोरे आतच अडकून राह्यतात. मंग हे नुसती चादर हाय."

बाबा, मोजत होतो त्या नोटा मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मी विचारलं, "हे सगळ्याले सांगता तुमी?"

"हाव, दर गिऱ्हाइकाले. पहिल्यापासून."

तुमची पँटही त्याच दुकानातली होती.

बसमध्ये सगळ्या वाटेनं मी तुमच्याशी भांडत आलो. तुम्हाला आठवलं नव्हतं का? की तळहात फिरवताना आठवलं होतं, आणि समोर माय सुई हातात धरून, कौतुकाची वाट बघत बसली होती म्हणून गिळलंत? अहो, एक शब्द बोलायचा होता! उसवली असती तिनं, रागावली असती चार दिवस, अजून काय? इतका राग आला मला तुमचा, की शेजारचा माणूस विचारायला लागला, बरं वाटत नाही का.

घरी आलो तर माय वाटच बघत होती. पँट हातात घेतली, थर चाचपला, आणि गोधडीची सुई काढून बसली. लाल दोरा ओवलासुद्धा. "आण, धुवाच्या आधीच दोरे घालून देते. तुह्या बापाच्यावाणी गुडघ्यात नाई उतरणार."

बसमध्ये ठरवलं होतं, दुकानदार म्हणाला ते तिला तसंच सांगायचं. "माय, नोको," मी म्हणालो. "याले सुई लागली का गॅरंटी जाते म्हणते तो."

सुई तशीच हातात राहिली. मायनं माझ्याकडं पाहिलं, मग दाराआडच्या खुंटीकडं पाहिलं.

"तुह्या बापाच्या पँटले होती काय रे गॅरंटी?"

"नव्हती."

"खरं सांगतं?"

"खरं. तवा नव्हतीच."

तिनं सुई रिळात खोचली, नवी पँट घडी करून माझ्या हातात दिली आणि चुलीपाशी गेली. भाकरी मात्र करपली आज तिच्या हातून.

हे लिहिलेलं घरात ठेवता यायचं नाही. मायला वाचता येत नाही, पण सापडलेला प्रत्येक कागद ती नातीकडून वाचून घेते. सकाळी चुलीत घालीन. आता राग नाही माझा तुमच्यावर. एक शब्द बोलायचा होता म्हणालो ना, तो माझ्याच्यानंही बोलवला नाही. तेवढं एक करा, बाबा. माय कधी तिकडं आली आणि तिनं गॅरंटीचं विचारलं, तर तुम्हीही नव्हतीच म्हणा.