दादाचं कॅलेथिया

शुक्रवार, संध्याकाळ

लिहीन लिहीन म्हणत चार दिवस टाळलं. वाटलं, तोवर राग उतरेल. उतरला नाई.

पुण्याला निघताना दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "याच्या पायाले भिंगरी. याच्याच्यानं माझं झाड काय जगते!" त्यावर आई हसली, तेच जास्त लागलं.

म्हणून घरात बसलो आहे. सिंदीहून मित्राचा फोन, "काऊन बे, घरात काय करून राह्यला?" बदला घेऊन राह्यलो, दुसरं काय.

दादाच्या कुंडीतल्या या कॅलेथियाचे नखरे तरी किती! बोअरिंगच्या पाण्यानं पानांच्या कडा जळतात, म्हणून फिल्टरचं पाजतो. कूलरची ओल हवी, पण सरळ झोत नको. म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे केलंय. आई पदरानं वारा घेते, मी घामाघूम. चालते.

मधलं नवं पान अजून गुंडाळलेलंच. रविवारी दादा येईल तोवर उघडलं पाहिजे. त्याच्या नाकासमोर धरीन. सगळ्यांसमोर माफी मागायला लावू का? लावीनच.

आत्ता पुन्हा पाहून आलो. पानाचं टोक सुटलंय.

फाटक वाजलं. खिडकीतून पाहिलं तर दादाच, दोन दिवस आधी. आणि काखेत प्लास्टिकचं झाड.

कूलर फिरवत नाई. त्यालेबी घाम फुटू दे.