बोअरसाठी ठेवलेला नारळ

सात रस्ता, सोलापूर

अप्पा, दुधनीला घरी सगळ्यांना शरणु शरणार्थी, नमस्कार.

मी बरी आहे. शेतात बोअर मारायचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवून देता, म्हणून लिहिते.

दिल्लीच्या पाणी सल्लागार गटाची माणसं आमच्या भूजल ऑफिसात आली होती. मी म्हटलं, "खाली पाणी नाही असं सांगितलं की गाव माझ्याशी बोलत नाही." त्यांच्यातल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "ते 'नाही' आमच्या सहीनं द्या. राग आमच्यावर येऊ दे की."

लई हलकं वाटलं. पण आपल्या शेताला त्यांची सही नको, अप्पा. ते मी स्वतः तपासलंय. खाली कोरडं आहे.

अव्वाची कंबर कशी आहे? बोअरसाठी देवापुढं ठेवलेला नारळ तिला चटणीला द्या. राग माझ्यावरच काढा. मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
महेश्वरी