काडतुसांवरचा कर

प्रिय महिपत,

भात कापून झालं. यंदा कापायला होतं तरी किती! मळ्याचा खालचा भाग डुकरांनी दाणा भरायच्या आतच लोळवून टाकला. बांधावरून गुणाजीकाका म्हणाले, "हिरा, ह्यातलं काय कापतेस गो? चटया वीण ह्याच्या." मी हसले.

निवडणूक आली म्हणून बाबांनी नेहमीसारखी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती. मतमोजणी होऊन बंदुका परत मिळू लागल्या, तेव्हा आणायला बाबाच नव्हते. मी म्हटलं, परवाना माझ्या नावावर करू. सासरहून परतल्यापासून शेती मीच करते, राखणही मीच. बाराव्याच्या गडबडीत तू मला मागल्या पडवीत नेलंस. "बाय, वेडी काय तू? सरकार काडतुसांवर नवा कर लावतंय. तुला एक काडतूस परवडायचं नाही. आणि एकट्या बाईच्या घरात बंदूक कशाला?" हातखंब्याच्या टपरीवरही त्याच कराची चर्चा. कोणी म्हणे लागला, कोणी म्हणे लागणार. मी खातरजमा केली नाही. तू सांगितलं होतंस ना. बंदूक नको, असं लिहून दिलं.

बाबांनी ती कधी जनावरावर रोखली नाही. भात पोटरीत आलं की तिन्हीसांजेला आभाळाकडे एकच बार काढायचे आणि कळप कातळापलीकडे जायचा. तू शेतातल्या राखणीच्या माळ्यावर माझ्या मांडीवर झोपलेला असायचास. बार होण्याआधी मी तुझे कान झाकायचे. यंदा मी डबे बडवले, फटाके लावले, आईची लुगडी बांधावर टांगली. डुकरं सगळ्याला सरावली.

परवा रत्नागिरीत काडतुसांच्या दुकानात विचारलं. शेठ म्हणाले, "ताई, ही आवई अधूनमधून उठते. लागेल तेव्हा लागेल, आज तरी काही नाही." तेव्हाही मी तुझीच बाजू घेतली. म्हटलं, त्यालाही कोणी तरी फसवलं असेल.

मग दीपेश आला, फार्महाऊससाठी जागा बघणारा. चहा पिता पिता मोकळेपणानं बोलला, "महिपतराव म्हणाले तसंच झालं बघा. बंदूक घरात येऊ दिली नाही की एका पावसाळ्यात ताई स्वतःच म्हणेल, विकून टाक." त्याला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. मी त्याला आणखी चहा हवा का विचारलं. महिपत, डुकरांचा मला राग नाही. त्यांना भूक होती. तू मागितली असतीस तर तुझ्या हिश्शाची जमीन मी हसत वेगळी करून दिली असती. तू मला दमवायला निघालास.

पुढच्या आठवड्यात तुम्ही दोघं मोजणीला येणार, असं तो सांगून गेला. म्हणून हे पत्र. मी विकायला सही करणार नाही. परवान्यासाठी माझ्या नावानं अर्ज केलाय. मिळो न मिळो. कर लागलाच, तर तोही भरीन. नम्रताला आणि मुलांना घेऊन ये, घावणे घालीन. त्या माणसाला घेऊन आलास, तर दारापुढच्या खळ्यातूनच परत जा. तेव्हा तुला आत ये म्हणायला माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही, आणि तू तसाच उभा राहिलेला मला बघवणारही नाही.

तुझीच,
हिराबाय