ड्युरियनच्या वतीने

५ मार्च
पुन्हा तेच! सकाळी कॉफी पिताना आमच्या म्हाताऱ्याने परसातल्या ड्युरियनच्या झाडाचा विषय काढला. तोडायचं म्हणे. तिथे तळं खणून मागूर मासे पाळायचेत. "आपली पोरगी झाली तेव्हा लावलास. तिला दोन पोरं झाली, याला एक फळ नाही!" मी म्हटलं, तुमच्या डोक्याला तरी कधी फळ आलंय? तेव्हापासून अबोला.

६ मार्च
बुंध्याशी शेणखत घातलं, पालापाचोळा पसरला, नारळाच्या सोडणांची धुरी दिली. सगळा धूर म्हाताऱ्याच्या वाळत घातलेल्या शर्टात गेला. बरं झालं.

८ मार्च
तोक देरामानकडे गेले. गावातले सगळ्यांत जाणते तेच. म्हणाले, "न विचारता तोडतात का कुठे? आधी धमकी द्यायची." खरंच की, रीतच आहे. एकाने कोयता घेऊन ड्युरियनला दरडावायचं, दुसऱ्याने शेजारच्या मंगुस्तानच्या झाडावर बसून ड्युरियनच्या वतीने "देईन" म्हणायचं. ड्युरियनचा बुंधा सरळसोट, त्याच्यावर कोण चढणार!

कोयत्याला म्हातारा एका पायावर तयार. वर माझा धाकटा भाऊ मुस्तापा बसेल. एकच शब्द बोलायचाय. बदल्यात नारळाच्या दुधातला भात कबूल केलाय.

१२ मार्च, शुक्रवार
वाट लागली!

नमाजानंतर अर्धा गाव जमला. म्हाताऱ्याने बुंध्यावर कोयता आपटला. "फळ देतोस की तोडू?" वर नुसती पानं हलली. पुन्हा ओरडला. तेवढ्यात पानांतून मुस्तापा किंचाळला — "नाही! नाही! नाही!" तांबड्या मुंग्या कमरेच्या सारोंगात शिरलेल्या! धप्पकन खाली आला आणि तसाच ओढ्याकडे पळाला.

पण झाड तर "नाही" म्हणालं. सगळ्या गावासमोर. म्हाताऱ्याला आनंदाच्या उकळ्या — "ऐकलंत ना?"

मुस्तापाला भात दिला नाही. नंतर दिला, पण अर्धाच.

१४ मार्च
सकाळपासून कोयत्याला धार लावणं चाललंय. खर्र, खर्र. पोरगी सासरी गेल्यापासून मी त्या झाडाशीच बोलत आलेय. हे कुणाला सांगू? आज रडले.

१५ मार्च
पुन्हा तोक देरामानकडे. म्हटलं, मुंग्यांचं बोलणं झाडाच्या माथी का? त्यांनी विडा तोंडात सारला. मग म्हणाले, "एकदा विचारा अजून. पण तोंड नवं हवं."

नवं तोंड आणू कुठून? मुस्तापाची सुजलेली मांडी अख्ख्या गावाने पाहिलीय.

१९ मार्च, शुक्रवार
बघायला सगळे, चढायला कुणी नाही. शेवटी मीच सारोंग खोचला. म्हातारा खेकसला, "पडशील! कंबर मोडून घेतलीस तर भात कोण रांधणार?" कोयता माझ्या हातात कोंबला आणि शिव्या देत स्वतःच चढला.

आता विचारायचं मी! कोयता बुंध्यावर आपटला. "फळ देतोस की तोडू?"

वर म्हातारा. तळं त्यालाच हवंय. एकदा "नाही" म्हटलं की झालं. मग आवाज आला, हळू — "देईन. नको तोडूस, रुगायाह."

झाडाने मला नावानिशी हाक मारली म्हणून बायका खिदळल्या. उतरल्यावर विचारलं, असं का बोललात? "मुंग्या चावत होत्या, लवकर उतरायचं होतं."

२० मार्च
तेल चोळायला म्हाताऱ्याला पाठ उघडी करायला लावली. मांड्याही पाहिल्या. एकही चावा नाही.

११ एप्रिल
कळ्या आल्या! मंगुस्तानला. तेही आजवर कधी फुललं नव्हतं. ड्युरियन आपला ठोंब्यासारखा उभा. गाव हसतंय — ज्याच्यावर बसून बोलला, शब्द त्यानेच पाळला. मला वाटलं, संपलं, आता निघणार कोयता. बाहेर येऊन पाहते तर म्हातारा घरोघर लांब शिडी मागत फिरतोय. या वेळी ड्युरियनवरच चढून बोलणार म्हणे.