टॉडच्या शेव्हेलला ट्रकचं इंजिन

प्रिय नोरीन,

टॉडची शेव्हेल गाडी तुझ्या नावावर आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फोन केला असता, पण फोनवर मी "हं, ठीक" एवढंच बोलतो आणि बाकीचं आर्लीन बोलते, हे तू या घरची सून झालीस तेव्हापासून पाहते आहेस. ईस्टरपासून तू रविवारी जेवायला आलेली नाहीस. तुझी सासू म्हणते, दवाखान्यात काम फार असेल पोरीला. निदान बोलून तरी तसंच दाखवते. मला काय वाटतं ते पुढे येईलच. आधी इंजिन.

जुनं इंजिन गेलं. गसनं ते गॅरेजात नेऊन उघडलं आणि हात टेकले. लोखंडाला बाजूनं तडा गेलाय, माझ्या वितीहून लांब. शर्यतीच्या ट्रॅकवर रेडिएटरमध्ये पाणी गोठू न देणारं अँटिफ्रीझ घालू देत नाहीत, ते सांडलं की मागून येणाऱ्याची चाकं घसरतात. म्हणून टॉड उन्हाळाभर साधं पाणी भरायचा आणि थंडी पडायच्या आत ते काढून टाकायचा. त्या वर्षी ऑक्टोबरात आपला टॉडच गेला, ध्यानीमनी नसताना. त्या हिवाळ्यात आपल्या तिघांपैकी कुणाला रेडिएटरमधल्या पाण्याची आठवण होणार होती? पाणी गोठलं, फुगलं आणि लोखंड फुटलं. ताडपत्रीखाली गाडी जशीच्या तशी आहे असं आपण इतकी वर्षं समजून चाललो. यात कुणाची चूक नाही. तू स्वतःला बोल लावत बसशील म्हणून मुद्दाम लिहितो.

आता दुसरं कोणतं बसवायचं यावर गसकडे रोज सभा भरते. गस म्हणतो, "क्लेम, इंडियानात एकाकडे एकोणसत्तर सालचंच इंजिन आहे, तीनशे शहाण्णव घनइंचाचं, जुन्याचा सख्खा भाऊ. डोळे मिटून घेऊन टाक." बाकीची टोळी म्हणते, कोरं करकरीत पाचशे दोन मागव. टॉडला तसलंच हवं होतं. "पॉप, उभ्या गाडीत दात वाजले पाहिजेत," म्हणायचा. तू शेजारी बसून हसायचीस आणि घरी आलीस की आर्लीनकडे डोकेदुखीची गोळी मागायचीस. टॉडला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुला त्याच्यावर एवढी माया करता आली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मी मात्र तिसरंच पाहून आलोय. गावाबाहेर एक बाई घोडे पाळते. तिच्या जुन्या पिकअपचा सांगाडा गंजून गेलाय, पण इंजिन ठणठणीत आहे. चारशे चोपन्न. बाहेरून जुन्याइतकंच, त्याच जागी बसेल, साध्या पेट्रोलवर चालेल. मी सुरू करून ऐकलं. खालच्या आवाजात बोलतं, घाई करत नाही. खिडक्या उघड्या टाकून तळ्यापर्यंत जावं, असं. गसनं नाक मुरडलं. "ट्रकचं इंजिन? अरे, शर्यतीच्या घोड्याला बैलाचं काळीज लावतोस?" मी म्हटलं, "बैलाचंच बरं. टिकतं तरी." टॉडला काळजानंच दगा दिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गस उगाच नट-बोल्टचे पाने पुसत बसला.

मग त्यानं मला बाजूला घेतलं. इंजिनावर पुढे एक सपाट जागा असते, तिथे नंबर ठोकलेला असतो. "माझ्याकडे ठसे आहेत," गस म्हणाला, "या ट्रकचा नंबर घासून टाकतो आणि टॉडच्या इंजिनाचा ठोकून देतो. सगळे करतात. गाडीची किंमत राहील." त्याचा हेतू वाईट नव्हता, पण माझं डोकंच फिरलं. "त्या इंजिनानं जन्मभर इमानानं घोडे ओढलेत," मी म्हटलं, "त्याचा नंबर कशाला पुसतोस? आणि विकायचीय कुणाला?" घरी येऊन हे सगळं आर्लीनला तावातावानं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "हे जरा नोरीनलाही सांग."

तेव्हा तिच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये मासे तळतात, तिथे शेवटच्या शुक्रवारी तिनं तुला एका उंच माणसाबरोबर पाहिलं. तुम्ही हसत होतात. तुझी नजर तिच्यावर गेली आणि तू ताट तसंच टाकून स्वयंपाकघराच्या दारानं निघून गेलीस. त्यानंतर तुझं येणंच बंद. तुझ्या सासूच्या पोटात वाढदिवसाच्या भेटीचं गुपितसुद्धा टिकत नाही, पण ही गोष्ट तिनं माझ्यापासून इतके दिवस लपवली. मला लागेल म्हणून. आणि लागलंच, खोटं कशाला बोलू. शेडमध्ये गेलो, ताडपत्री काढून गाडीत बसून राहिलो, थोडा रडलोही. मग कळलं, मला त्या माणसाचा राग आलेला नाही. तुला आमच्यापासून पळावंसं वाटलं, त्यानं जीव कासावीस झालाय. मुलगा गेला तो गेला, पण तूही जाशील की काय या भीतीनं मला अन्न गोड लागेना.

चौकशी केली, रागावू नकोस. नाव वेंडेल, शाळेत मुलांना ट्रंपेट शिकवतो, आणि गाडी विजेवरची. गस म्हणाला, "मग बॉनेट उघडून तो तुला दाखवणार काय, प्लग?" मी त्याला गप्प बसवलं, पण हसू मलाही आलं.

पत्र कशासाठी लिहिलं ते आता सांगतो. ट्रकचं इंजिन बसवायला तू हो म्हणालीस, तर शनिवारी ते गाडीत उतरवायचं आहे. एकट्याचं ते काम नाही. एकानं कप्पीवरची साखळी सोडत राहायचं आणि दुसऱ्यानं खाली वाकून, दोन्ही हात लावून, ते जागेवर आणायचं. गस येतो म्हणाला होता. मी त्याला सांगितलं, नको, आमच्या घरचा माणूस येणार आहे. तर वेंडेलला घेऊन ये. त्याला इंजिनातलं काही कळत नसलं तरी चालेल. मी थांब म्हटलं की थांबायचं, एवढंच काम. काम झालं की चौघं मिळून जेवू. आर्लीन आत्तापासून विचारतेय, त्याला काय आवडतं. त्याला जुने कपडे घालून यायला सांग, ग्रीसचे डाग जात नाहीत.

तुझाच, आणि तू कुणाचंही आडनाव लावलंस तरी तुझाच,
पॉप