बर्फाखालचं नाव

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
१४ मार्च २००४

ती. पप्पांस,
उपासनाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मम्मीचा गुडघा, चर्चच्या पाळक साहेबांनी नव्या स्कूटरसकट गटारात मारलेली उडी, सगळं दोनदा वाचलं. हसलेही. मग शेवटची ओळ आली : ईस्टरला शैलूदादाच्या कबरीवर आमच्या नावानं पांढरी फुलं ठेव. तीन दिवस पत्र पुन्हा उघडलं नाही. हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. फोनवर सांगता येत नाही, मम्मी शेजारीच उभी असते.

पप्पा, दादाची कबर नाही.

डिसेंबरात अपघाताचं कळल्यावर मी दादाच्या घरी एडिसनला पोचले, तेव्हा दादाचे रूममेट रवी सगळी धावपळ करत होते. दादाचं नाव शैलेंद्र, आडनाव पंडित. त्यांनी समजायचं ते समजून दहनाचं ठरवलं होतं, गुरुजींनाही फोन केला होता. आपण ख्रिस्ती आहोत, हे दादा त्यांना कधी बोललाच नसेल. रवी भला माणूस आहे, त्यांचा दोष नाही. दहनाच्या परवानगीचा कागद माझ्यापुढे आला तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते मी नीट वाचलं होतं. मी एक शब्द बोलले असते तर सगळं थांबलं असतं.

का बोलले नाही, ते तीन महिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्याआधी मला ओळख पटवायला नेलं होतं. जे पाहिलं ते लिहिणार नाही. त्या क्षणी मला अगदी स्वच्छ वाटलं की यातून काही उठणार नाही. जे उठायचंच नाही, ते जपून तरी काय करायचं? म्हणून सही केली.

पुढे मम्मीनं कबरीचा फोटो मागितला. जानेवारीत इथल्या कबरस्तानात जाऊन, नाव बर्फानं झाकलेला एक दगड शोधला आणि फोटो काढला. तो तुम्ही फ्रेम करून लावलात. आता बर्फ वितळतंय. बस तिथून जाते तेव्हा मी दुसरीकडे बघते. नाव दिसेल, आणि त्या नावाचं माणूस मला ओळखेल, असं वाटत राहतं.

दादा माझ्या कपाटात आहे, स्वेटरांच्या मागे. दार लावलं तर तो अंधारात राहतो म्हणून उघडते. उघडं ठेवलं तर वाचनात लक्ष लागत नाही म्हणून लावते.

शाळेत जायच्या आधीच तुम्ही दाढी करता करता माझ्याकडून मतांगीकार, आपल्या विश्वासाची कबुली, पाठ करून घेतला होता. इथे तो रविवारी इंग्रजीत म्हणतात. देहाच्या पुनरुत्थानाची ओळ आली की मी ओठ मिटते, खोटं बोलायला नको म्हणून. मग बाकीच्या ओळी म्हणायचा तरी मला हक्क आहे का? ही एक काढली तर काय उरतं? रागवा, पण सांगा.

रागातही लोभ कमी करू नका.
तुमची,
उपासना


अहमदनगर
२७ मार्च २००४

चि. उपासनास,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र चर्चमध्ये, मंडळीच्या ऑफिसात बसून वाचलं. राग आला. सहीचा नाही, फोटोचा. तुझी मम्मी रोज त्या दगडाशी बोलते. तिला तू सांगायचंस. मी सांगणार नाही.

काय उरतं, विचारतेस. काहीच उरत नाही, बाळ. येशू उठला नसेल तर तो एक भला माणूस होता, वधस्तंभावर मेला, आणि आपण तीन पिढ्या गावाचे टोमणे फुकट ऐकले. मग शैलूला संगमरवरी कबर मिळाली असती तरी आपण हरलेलेच. पण तो उठला असेल, तर त्याला राखेची अडचण पडणार नाही. माती काय, राख काय, आपण त्याच्या हाती धड असं कधी काय दिलंय?

आणि काही उठणार नाही अशी खात्री तुला एकटीलाच होती असं समजू नकोस. ईस्टरच्या त्या पहाटे बाया येशूच्या कबरेकडे निघाल्या त्या प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. उठलेल्याला भेटायला कोणीच निघालं नव्हतं.

आता माझं ऐक. मागल्या वर्षी आपल्या मंडळीतल्या कुमारची राख त्याच्या मुलांनी मुंबईहून आणली, तेव्हा कबरस्तानात जागा द्यायला चर्चच्या पंचकमिटीत सगळ्यात मोठ्यानं नाही म्हणणारा मीच होतो. मला वाटलं, मी विश्वास राखतोय. काल त्याच्या बायकोच्या, लताबाईंच्या दारात जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. माफी दिली की नाही, कळलं नाही.

जेवत जा. लोभ आहेच, तो मागायचा नसतो.
पप्पा


स्टेट कॉलेज
९ एप्रिल २००४, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

ती. मम्मीस,
उपासनाचा सलाम.

आधी खाली बस. मग भिंतीवरचा फोटो उतरव. ती दादाची कबर नाही. दादाचं दहन झालं आणि सही माझी होती. तो माझ्या खोलीत आहे. पप्पांना लिहिलेलं पत्र आता तूही वाच, त्यातलं काही गाळू नकोस.

काल त्या दगडाकडे गेले. खाली कोणी म्हातारी बाई आहे. नावाखाली ‘मदर’ एवढंच कोरलंय. तिची माफी मागून झाली. तुझी कशी मागू, कळत नाही.

रविवारी मतांगीकारातली ती ओळ म्हणून बघणार आहे. विश्वास बसला म्हणून नाही. ती खोटी असेल तर दादा कायमचा स्वेटरांमागेच राहील, हे सहन होत नाही म्हणून.

जमलं तर उत्तर दे.
उपासना


अहमदनगर
२४ एप्रिल २००४

चि. उपासनास,
मम्मीचा आशीर्वाद.

फोटो उतरवला. दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही, पप्पांना विचार. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना रडू आलं, आणि रडता रडता हसू. का, ते फक्त तुला सांगते.

चार महिने मला एकच भीती होती. शेवटल्या दिवशी आपण सगळे इथे नगरात उठू, आणि माझा पोरगा तिकडे बर्फात उठेल. आजूबाजूला सगळे परके, मराठी कोणाला येत नाही. थंडी तर त्याला सोसतच नाही. मम्मी कुठे, म्हणून कोणाला विचारेल? रोज त्या दगडाला मी हेच सांगायची, घाबरू नकोस, हलू नकोस, मी येते. आणि तो तिथे नव्हताच. त्या बिचाऱ्या आईनं काय काय ऐकून घेतलं असेल!

तू खोटं बोललीस ते मी विसरणार नाही. तरी ये, आणि त्याला घेऊन ये. पंचकमिटी हो म्हणाली तर ठीक. नाही म्हणाली तर माझ्या उशाशी ठेवीन, आणि मला पुराल तेव्हा त्यालाही माझ्यासोबत पुरा. मग उठल्यावर शोधायला नको.

विमानात त्याला सामानात टाकू नकोस. मांडीवर घेऊन बस.

वाट बघणारी,
तुमची दोघांची मम्मी